तसूभरही फरक नको

गुलजारचा उजवा हात मनगटापासून तोडला, त्याला आठ दिवस झाले होते. नवव्या दिवशी ताप डोक्यात चढला आणि दुपारच्या नमाजाच्या सुमारास तो गेला. थोरला भाऊ दादामियाँ याने त्याला मूठमाती दिली, घरी येऊन हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसलेल्या आईला म्हणाला, "अम्मा, हे ज्यानं केलं ना, त्याचा हात मी घेणार. उजवाच. असाच."

अमिनाबीच्या डोळ्यांतलं पाणी केव्हाच आटलं होतं. तिनं विचारलं, "कुणी केलं ते तरी ठाऊक आहे का तुला?"

"नाही."

"मग आधी ते शोध."

सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतली ही हकीगत. कसबा पेठेत नदीच्या अंगाला कागदीपुरा होता आणि तिथल्या दहा-बारा घरांत कागद बनत असे. जुनी पोती, दोरखंड, फाटकी जाळी भिजवून कुटायची, लगदा साच्यावर घ्यायचा, ओला ताव भिंतीवर वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. दादामियाँचा हात या कामात बसलेला होता. अंगानं आडवा, बोलायला थोडका. गुलजारचं मात्र लगद्यात मन रमेना. त्याला अक्षराचं वेड. मोडी तो असं लिही की ओळ पाहून लोक म्हणत, मियाँ, हे लिहिलंस की ओवलंस? त्या अक्षराच्या जोरावर शनिवार पेठेतल्या एका सरदाराच्या दफ्तरात त्याला कारकुनी मिळाली.

तिथेच घात झाला. हैदराबादच्या वाटेवर एक जासूद पकडला गेला. त्याच्या पागोट्यात पत्र सापडलं. सरदाराकडे किती घोडं आहे, किती तोफा आहेत, सगळं त्यात निजामाच्या माणसाला कळवलेलं होतं. खाली नाव होतं गुलजारचं. जासूद मार खाऊन मेला. पत्र कुणी दिलं ते त्यानं सांगितलं नाही. दफ्तराचे मुख्य श्रीनिवासपंत यांनी गुलजारचं एक जुनं पत्र दफ्तराच्या रुमालातून, कागद बांधून ठेवायच्या फडक्यातून, काढलं आणि दोन्ही कागद सदरेवर शेजारी शेजारी मांडले. जुनं पत्र छावणीतून वाड्यावर लिहिलेलं होतं. दोन्हींचा शेवट एकच होता, "बहुत काय लिहिणे, हे विज्ञापना", आणि खाली सही.

सरदारानं दादामियाँला बोलावून घेतलं होतं. "कागद बघ. अक्षर कुणाचं?"

दादामियाँनं पाहिलं. खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण डोळ्यांसमोर भावाचं अक्षर होतं आणि सगळी सदर त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो म्हणाला, "अक्षर गुलजारचंच दिसतं, सरकार."

गुलजारनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. आपण ऐकलं ते खरं का, असं. "भाईजान, मी नाही लिहिलं," एवढंच तो म्हणाला.

ती नजर दादामियाँला पुढं जन्मभर पुरली. भावाच्या हाताचा निकाल आपल्या तोंडून लागला, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यानं सरदाराच्या दफ्तराला कागद पुरवणं सोडलं नाही. कागदीपुऱ्यातल्या लोकांनी तोंडावर थुंकल्यासारखं केलं. भावाच्या रक्तात पाय ठेवून कागद विकतो म्हणाले. तो ऐकून घेई. दर पंधरा दिवसांनी गठ्ठा घेऊन जाई, कारकुनांच्या माना मोजी आणि मनाशी म्हणे, यांतलाच कुणीतरी. श्रीनिवासपंत ताव उलटसुलट करत आणि म्हणत, "मियाँ, कागद बरा आहे. तुझ्या घरात तेवढंच एक सरळ आहे." बाकीचे हसत. दादामियाँ सलाम करून निघे. अशी दोन वर्षं गेली.

त्या सुमारास संगमावर इंग्रज वकिलाचा बंगला उभा राहिला होता. तिथल्या एका तरुण साहेबाला देशी कागदाची गरज पडली. साहेबाला आणखी एक नाद होता. तो इंग्रजी शब्द वहीत उतरून त्यांच्यापुढे मराठी शब्द लिहून घेई. हे काम त्याचा दुभाष्या करी. त्याचं नाव श्यामसुंदर. मुंबईचा, जातीनं प्रभू, इंग्रजी तिथेच शिकलेला. पुण्याच्या लोकांविषयी त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं आणि ते तो लपवत नसे.

एका सकाळी दादामियाँ गठ्ठा घेऊन गेला, तर साहेब आणि दुभाष्या एका शब्दावर अडून बसले होते. शब्द होता 'आयडेंटिकल'.

"मी सांगतो सारखा," श्यामसुंदर म्हणाला, "तर साहेब म्हणतो, नाही. एकसारखा म्हटलं, तरी नाही. मियाँ, तुम्ही सांगा आता. रोज शंभर ताव काढता एका साच्यातून."

साहेबानं गठ्ठ्यातले दोन ताव उचलले आणि खिडकीच्या उन्हात एकावर एक धरले. साच्याच्या काड्यांच्या बारीक रेघा कागदात उमटलेल्या असतात, त्या उजेडात दिसू लागल्या. त्या एकमेकींवर बसत नव्हत्या. एक ताव जरा जाड होता, एकात ताग जास्त होता. साहेब काहीतरी बोलला.

"म्हणतो, हे दोन सारखे आहेत. पण आयडेंटिकल नाहीत," श्यामसुंदरनं सांगितलं. "तसूभरही फरक नसला तरच आयडेंटिकल. काल पाहिलेला ताव आज पुन्हा पाहिला आणि तोच निघाला, तरी हाच शब्द. म्हणजे याचे दोन अर्थ. एक 'तोच', दुसरा 'हुबेहूब'. आणि पुढे 'विथ' लावायचं. हे त्याच्या 'विथ' आयडेंटिकल."

"थोडंसं आयडेंटिकल म्हणता येतं का?" दादामियाँनं विचारलं. का विचारलं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

साहेब हसला. श्यामसुंदर म्हणाला, "नाही. थोडंसं मेलेला असतो का माणूस? एक तर आहे, नाही तर नाही."

"मग हातानं केलेल्या दोन वस्तू अशा असतात का?"

साहेबाला प्रश्न आवडला. त्यानं पिसाची लेखणी बुडवून एका पातळ कागदावर आपली सही केली, दुसऱ्यावर पुन्हा केली आणि दोन्ही उन्हात धरले. एकीचं शेपूट लांब, दुसरीचं वेलांटीसारखं वर वळलेलं. अक्षर त्याचंच होतं, यात शंका नव्हती. पण रेघ रेघेवर बसेना. तिसरी केली, तीही बसेना.

"म्हणतो," श्यामसुंदर जांभई आवरत म्हणाला, "माणसाला स्वतःची सही पुन्हा तशीच्या तशी करता येत नाही. कुणाच्या दोन सह्या जर आयडेंटिकल निघाल्या, तर एक चोरीची समजावी. खाली ठेवून गिरवलेली."

दादामियाँच्या हातातला गठ्ठा खाली आला. साहेबानं दचकून पाहिलं. दादामियाँनं वाकून ताव गोळा केले, सलाम केला आणि कागदाची किंमत न घेताच बंगल्याबाहेर पडला. शनिवार पेठेपर्यंत तो धावत गेला नाही, पण चाललाही नाही.

वाड्यावर पोचल्यावर मात्र तो थांबला. आज बोललो आणि दफ्तर ज्यांच्या ताब्यात त्या पंतांच्या कानावर आधी गेलं, तर भावाची ती दोन पत्रं जळतील, एवढं त्याला सुचलं. पुढचा पंधरवडा त्यानं ताव घोटत काढला. मग सरदार सदरेवर बसलेला, सगळे कारकून हजर, ऊन खिडकीतून आत आलेलं, असा मुहूर्त साधून तो पुढं झाला.

"सरकार, माझ्या भावाचे ते दोन कागद एकवार बघायचे आहेत."

श्रीनिवासपंतांनी लेखणी खाली ठेवली. "कागद विकणाऱ्यानं कागद विकावा. जुनी मढी उकरू नयेत."

"मढं माझ्या घरचं आहे, पंत," दादामियाँ म्हणाला.

त्या निकालाची सरदारालाही कुठंतरी टोचणी असावी. त्यानं कागद मागवले. रुमाल ज्या पेटीत असत, तिची किल्ली एकट्या पंतांकडे असे. त्यांनाच उठावं लागलं.

दादामियाँनं आधी चार कारकुनांना कोरे ताव दिले आणि एकच ओळ दोन-दोनदा लिहायला सांगितली: बहुत काय लिहिणे, हे विज्ञापना. लिहून झाल्यावर एकेकाच्या जोड्या खिडकीत धरल्या. कुणाची ओळ ओळीवर बसेना. पंतांनाही लिहायला लावलं. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं. तेही बसलं नाही.

मग त्यानं गुलजारचे दोन कागद एकमेकांवर ठेवले आणि उन्हात धरले.

एकच ओळ दिसली. वरची रेघ, काने, वळणं, सहीचा शेवटचा झोक, सगळं एकात एक. सरदार उठून खिडकीपाशी आला.

"सरकार, आणखी एक बघावं," दादामियाँ म्हणाला. "हे छावणीतलं पत्र, हे खरं. 'विज्ञापना'तल्या 'प'ला ही बारीक फूट आहे. कागदात तागाचा धागा राहिला आहे, नखाला लागतो. लेखणी त्यावर अडखळली. कागद माझाच आहे, चूकही माझीच. आणि हे जासुदाचं पत्र. याच जागी तीच फूट. पण इथं धागा नाही. हात फिरवून बघा. गुळगुळीत आहे. मग लेखणी कशावर अडखळली?"

सरदारानं बोट फिरवून पाहिलं. मग पंतांकडे वळून तो म्हणाला, "हा कागद रुमालातून तुमच्याशिवाय कोण काढू शकतं?"

श्रीनिवासपंत हसायला गेले, पण ते जमलं नाही. त्याच दिवशी त्यांच्या घराची झडती झाली. देवघराच्या पाटाखाली हैदराबादची सहा पत्रं सापडली. सगळी त्यांच्या नावची.

निकालाच्या दिवशी दादामियाँ स्वच्छ अंगरखा घालून गेला. त्याला ठाऊक होतं काय होणार. तोच गुन्हा, तोच हात, तीच जागा. अमिनाबीही बुरखा ओढून वाड्याच्या दाराशी बसली होती.

सरदार म्हणाला, "ब्राह्मणाचं अंग तोडता येत नाही. शास्त्र आडवं येतं. पेशवे सरकारची परवानगी घेतली आहे. जन्मभर सिंहगडावर अटकेत."

"सरकार," दादामियाँ म्हणाला, "खोट्या पुराव्यावर माझ्या भावाचा हात गेला. खऱ्या पुराव्यावर यांचा राहणार?"

"मी लाचार आहे. दुसरं काही माग."

दादामियाँनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, हरला. पण तो विचार करत होता. मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा अगदी शांत होता.

"पंतांचा हात राहू द्या," तो म्हणाला. "पण त्या हातानं लिहू द्या. कागद मी देईन. एकच ओळ: गुलजार कागदी याणें पत्र लिहिलें नाहीं, त्याचें अक्षर म्यां चोरिलें. खाली आपलं नाव घालून रोज सकाळी लिहावं. एक ताव लिहून झाला की किल्ल्याच्या कारकुनानं तो उचलून न्यावा आणि मग दुसरा द्यावा. खाली ठेवून गिरवायचं नाही. ज्या दिवशी दोन ताव तसूभरही फरक नसलेले निघतील, त्या दिवशी त्यांना सोडावं. पारख मी करीन."

सरदाराला ते फार हलकं वाटलं. बहुधा बरंही वाटलं. त्यानं तसं लिहून दिलं. श्रीनिवासपंतांच्या तोंडावर तर रंग परत आला. आपल्या अक्षराचा त्यांना केवढा गर्व! जाताना ते दादामियाँला म्हणाले, "मियाँ, पावसाळ्याच्या आत खाली येतो."

दादामियाँ दर महिन्याला गडावर जाऊ लागला. पहाटे निघायचा, धायरीत विहिरीवर पाणी प्यायचा, उन्हं चढायच्या आत वर पोचायचा. धायरीतला भैरू नावाचा शेतकरी त्याला ओळखू लागला. एकदा त्यानं विचारलं, "मियाँ, गडावर कोन हाय तुमचं?"

"माझा एक लेखक आहे."

"लई मोठं काम दिसतंय."

"एकच ओळ आहे. संपत नाही."

वर महिन्याचे ताव जमलेले असत. दादामियाँ दगडी कट्ट्यावर बसे, एकेक जोडी उन्हात धरे आणि म्हणे, "नाही." दुसरी. "नाही." श्रीनिवासपंत समोर उभे. पहिल्या वर्षी ते वाद घालत. "हे बघ, किती जवळ आलंय. केसाइतका फरक आहे."

"केसाइतका आहे ना? मग नाही."

त्या वर्षी ते दिवसाला दोनच ताव लिहीत, जपून, श्वास रोखून. दुसऱ्या वर्षी वीस लिहू लागले, तिसऱ्या वर्षी चाळीस. किल्ल्याचा कारकून कंटाळला. पण हुकूम लेखी होता. पंतांचं सुरेख अक्षर आधी ताठ झालं, मग खरबरीत. बोटं लेखणीभोवती वळली ती सोडवायला दुसरा हात लागू लागला. झोपेतही त्यांचा हात चटईवर ओळ काढी, असं पहारेकरी हसून सांगत. दादामियाँ ते ऐकून घेई आणि घरी जाऊन आईला सांगे.

अमिनाबीचा प्रश्न ठरलेला असे. "लिहितोय?"

"लिहितोय."

"हात दुखतो का त्याचा?"

"दुखतो, अम्मा."

"बरं," म्हणून ती पानाचा डबा पुढं ओढी.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात पंत समोर उभे राहिलेच नाहीत. कट्ट्याशी खाली बसले. उजव्या हाताची बोटं तळव्यात मुडपली होती आणि उघडत नव्हती. एवढी वर्षं ते त्याला मियाँ म्हणत, पण एकेरीत. आता आवाज बदलला होता.

"मियाँ, तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. दोन ओळी अशा होत नाहीत. कुणाच्याच नाही."

"ठाऊक आहे."

"मग हे काय चालवलंत?"

दादामियाँनं कोरे ताव त्यांच्या मांडीवर ठेवले. "आपल्याला एकदा जमलं होतं, पंत. पुन्हा करून दाखवा."

पंतांनी डाव्या हातानं सुरुवात केली. ती अक्षरं पोराच्या धुळाक्षरांसारखी होती. दादामियाँनं त्याही जोड्या एकेक करून उन्हात धरल्या. एकही वगळली नाही.

चौथ्या वर्षी सवाई माधवराव वारले आणि पुण्यात सगळं उलटंपालटं झालं. आज गादीवर कोण, उद्या कोण, कुणाला कळेना. आपला सरदार रुसून जहागिरीवर निघून गेला. त्या धांदलीत गडावरचे पुष्कळ कैदी सुटले, त्यांत श्रीनिवासपंतही सुटले. दादामियाँ महिन्याच्या वारीला गेला तर कोठडी रिकामी. कारकुनानं उरलेले ताव त्याच्या हाती दिले. "घेऊन जा बाबा. सुटलो मी पण."

घरी कोपऱ्यात आता छपराला लागेल एवढी चवड झाली होती. हजारो ताव, सगळ्यांवर एकच ओळ.

आठ दिवसांनी बुधवार पेठेत त्यानं पंतांना पाहिलं. एका दुकानाच्या फळीवर बसलेल्या लेखकाकडून ते अर्ज लिहून घेत होते. उजवा हात उपरण्यात लपवलेला. लेखकानं बोरू पुढं केला, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं खाली कशीबशी फुली काढली. नोकरीचा अर्ज होता. पंत निघून गेल्यावर दादामियाँ फळीपाशी गेला. अर्ज कुठल्या सावकाराकडे चालला आहे, ते त्यानं लेखकाकडून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या सावकाराच्या दारात पंत पोचायच्या आधी एक ताव पोचला. गुलजार कागदी याणें पत्र लिहिलें नाहीं, त्याचें अक्षर म्यां चोरिलें. खाली श्रीनिवासपंतांचं नाव, त्यांच्याच सुरेख अक्षरात, पहिल्या वर्षीचं. पंतांना ओसरीवरूनच वाटेला लावलं. मग सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात तसंच झालं. मग एका देवस्थानाच्या कचेरीत. कागदीपुऱ्यातला माणूस पुण्यातल्या कुठल्या दफ्तराला कागद देत नव्हता? दादामियाँ गठ्ठ्याच्या वर एक ताव ठेवी, एवढंच. चार महिन्यांत पुण्यात असं एक दफ्तर उरलं नाही जिथं पंतांच्या आधी पंतांचं अक्षर गेलं नव्हतं. शेवटी त्यांनी बिऱ्हाड आवरलं आणि नाशिकला मेहुण्याकडे निघून गेले.

त्या संध्याकाळी दादामियाँनं आईला ही बातमी सांगितली. तिला आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. ती त्या चवडीकडे बघत बसली.

"यात गुलजारचं अक्षर कुठलं?" तिनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"यात नाही, अम्मा. हे सगळं त्या पंताचं."

"आणि गुलजारचं? घरात कुठं असेल ना?"

दादामियाँनं पेटी पाहिली, कोनाडा पाहिला. गुलजार घरी कधी लिहीत नसे. कागद विकायचा असतो, असं थोरला भाऊच त्याला रागवे. एक चिटोरंही सापडलं नाही.

"चार वर्षं दुश्मनाचं अक्षर घरात भरलंस," अमिनाबी म्हणाली, "आणि माझ्या लेकाची एक ओळ नाही." ती रागावली नव्हती. उठली आणि चूल पेटवायला गेली.

दुसऱ्या दिवसापासून दादामियाँनं ते ताव भिजवायला घेतले. शाई लगद्यात उतरली आणि नवा कागद राखेच्या रंगाचा झाला. दफ्तरांनी तो घेतला नाही; जडीबुटी विकणाऱ्या एका गांध्यानं औषधाच्या पुड्यांसाठी उचलला. आठवडाभर हे काम चाललं. चवड जमिनीला आली तेव्हा शेवटचे तीन ताव त्यानं बाजूला काढले, घडी घातली आणि नाशिकला जाणाऱ्या एका तांबटाच्या हाती दिले. कुणाला द्यायचे, त्या पंतांच्या मेहुण्याचं नाव आणि आळी त्यानं दोनदा म्हणवून घेतली.